अलास्काचं खरेदीखत आणि सातबारा

ऑगस्ट २०२५ मध्ये ट्रम्प आणि पुतिन यांची भेट अलास्कातल्या अँकरेजला झाली, आणि दुसऱ्या दिवसापासून व्हॉट्सअ‍ॅपवर जुनी फोडणी पुन्हा तडतडू लागली. ‘रशियाने अलास्का फुकटात विकलं.’ ‘विकलं नव्हतंच, ९९ वर्षांच्या कराराने दिलं होतं.’ त्याआधी काही महिने कॅनडा अमेरिकेचं ५१वं राज्य होणार, ग्रीनलँड विकत घेणार, अशी वक्तव्यं सुरूच होती. देश असा विकत मिळतो का? मिळाला तर तो लगेच राज्य होतो का?

याचं उत्तर अलास्काच्या इतिहासात चांगलं सापडतं, कारण तिथे सगळे टप्पे सुटे सुटे दिसतात. आणि ज्याने गावाकडे एकदा तरी जमिनीचा व्यवहार केलाय, त्याला तो समजायला अजिबात कठीण नाही. खरेदीखत होणं वेगळं, प्रत्यक्ष ताबा मिळणं वेगळं आणि सातबाऱ्यावर नाव चढणं वेगळं, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. अलास्काचं खरेदीखत एका रात्रीत झालं. बाकीच्या दोन गोष्टींना शंभर वर्षं लागली.

आधी आकार डोळ्यांसमोर आणा. अलास्काचं क्षेत्रफळ सुमारे १७ लाख चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या साडेपाच पट. माणसं मात्र २०२० च्या जनगणनेत ७,३३,३९१. आपल्याकडच्या एखाद्या मध्यम शहराएवढी.

रशिया तिथे पोचलाच कसा?

नकाशा सपाट बघितला की रशिया एका टोकाला आणि अमेरिका दुसऱ्या टोकाला दिसते. गोल करून बघा. बेरिंगच्या सामुद्रधुनीत दोन छोटी बेटं आहेत, एक रशियाचं, एक अमेरिकेचं. त्यांच्यात जेमतेम चार किलोमीटर पाणी आहे.

त्या सामुद्रधुनीला ज्याचं नाव आहे तो व्हिटस बेरिंग मूळचा डेन्मार्कचा, पण रशियाच्या नोकरीत होता. १७४१ साली तो दोन जहाजं घेऊन कामचाटकाहून निघाला. वाटेत धुक्यात जहाजांची ताटातूट झाली, पण दोघांनाही अलास्काचा किनारा दिसला. बेरिंगच्या जहाजावर श्टेलर नावाचा निसर्गशास्त्रज्ञ होता. त्याला कायाक बेटावर उतरून वनस्पती, पक्षी बघायला मिळाले ते फक्त दहा तास. दहा वर्षांची तयारी दहा तासांसाठी केली, असं तो वैतागून लिहून गेला. परतीच्या वाटेवर जहाज एका निर्जन बेटावर आदळलं आणि तिथेच त्या डिसेंबरात बेरिंग वारला.

इथे गोष्ट संपायची, पण वाचलेले खलाशी पुढच्या वर्षी घरी परतले ते समुद्री पाणमांजराची कातडी घेऊन. या प्राण्याची लव इतकी दाट की चीनचे व्यापारी तिला वाट्टेल तो भाव द्यायला तयार. झालं! सैबेरियातले शिकारी मिळेल त्या होडीने पूर्वेकडे सुटले. राजाचं सैन्य नंतर आलं, धर्मगुरू नंतर आले. आधी आले ते कातडीवाले.

त्यांना स्वतःला पाणमांजर मारता यायचं नाही. ते कसब अल्युशियन बेटांवरच्या उनंगन लोकांकडे होतं. हलक्या, कातडं ताणून केलेल्या होडीतून, भाल्याने. मग शिकाऱ्यांनी सोपा मार्ग काढला: गावातल्या बायका-मुलांना ओलीस ठेवायचं आणि पुरुषांना समुद्रात पाठवायचं. १७८४ मध्ये शेलिखोव्ह नावाच्या व्यापाऱ्याने कोडियाक बेटावर पहिली कायमची वसाहत केली, तीही बंदुकांच्या जोरावर, कत्तल करूनच. १७९९ मध्ये झारने या धंद्याची सनद ‘रशियन-अमेरिकन कंपनी’ला दिली. ईस्ट इंडिया कंपनी डोळ्यांसमोर आणली की पुरे: नफा भागधारकांचा, झेंडा राजाचा आणि कारभार गुमास्त्यांचा.

फरक एकच, पण फार मोठा. ईस्ट इंडिया कंपनीने पुढे आतपर्यंत राज्य केलं. रशियनांची वस्ती मात्र किनाऱ्यावरच्या मोजक्या ठाण्यांपलीकडे फारशी कधी गेलीच नाही. एका वेळी तिथे हजार रशियनसुद्धा नव्हते. सिटका या त्यांच्या राजधानीचं ठाणं १८०२ मध्ये तिथल्या ट्लिंगिट लोकांनी जाळून टाकलं होतं. १८०४ मध्ये युद्धनौका आणून ते परत घ्यावं लागलं. त्यानंतरही रशियन तटबंदीच्या आत आणि ट्लिंगिट बाहेर, असाच संसार होता.

म्हणजे पुढे जे विकलं गेलं त्याचा विचार असा करा. कोणीतरी शिवाराच्या बांधावर चार झोपड्या घातल्या, गवत कापून विकलं, आणि एक दिवस अख्ख्या शिवाराचं खरेदीखत दुसऱ्याला करून दिलं. यात मूळ वहिवाटदार कोण, हा प्रश्न कोणी विचारलाच नाही.

मग विकलं का?

‘रशिया मूर्ख होता’ हे उत्तर आपल्याला आवडतं, कारण पुढे सोनं आणि तेल निघालं हे आपल्याला माहीत आहे. १८६० च्या दशकात बसून बघितलं तर चित्र वेगळं होतं. पाणमांजरं मारून मारून संपत आली होती. कंपनी तोट्यात होती. १८५३ ते ५६ च्या क्रिमियन युद्धात रशियाने ब्रिटन आणि फ्रान्सकडून मार खाल्ला होता, तिजोरी रिकामी होती, आणि अलास्काला लागून असलेला कॅनडा ब्रिटिशांचा. पुन्हा युद्ध झालं तर अलास्का एका आठवड्यात जाणार, हे रशियाच्या राजधानीत, पीटर्सबर्गला कळत होतं. जे फुकट जाणार आहे ते आधीच विकून पैसे करावेत, आणि तेही ब्रिटनच्या प्रतिस्पर्ध्याला. झारचा भाऊ कॉन्स्टंटिन याने हा विचार १८५७ मध्येच मांडला होता. मला तर हा व्यवहार त्या काळापुरता बराच शहाणपणाचा वाटतो.

पहाटे चारचं खरेदीखत

२९ मार्च १८६७ ची संध्याकाळ. अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री विल्यम स्यूअर्ड घरी पत्ते खेळत बसले होते. रशियाचे राजदूत श्टेकल दारात आले: झारची परवानगी आली आहे, उद्या करार करू. स्यूअर्ड म्हणाले, उद्या कशाला, आत्ताच करू. कारकून झोपेतून उठवले, कचेरी उघडली, दिवे लागले, आणि ३० मार्चच्या पहाटे चार वाजता सह्या झाल्या.

किंमत ७२ लाख डॉलर. एकराला साधारण दोन सेंट. या आकड्यात एक मजेशीर तपशील आहे. सौदा ७० लाखांवर ठरत होता. वरचे दोन लाख कशासाठी? तर रशियन कंपनीचे किंवा इतर कोणाचेही हक्क या जमिनीवर शिल्लक राहू नयेत म्हणून. आपल्या भाषेत, सातबारा ‘निर्बोजा’ करून मिळावा म्हणून. बोजा कंपनीचा उतरवला. तिथे राहणाऱ्या माणसांचा हक्क मात्र बोजा म्हणूनसुद्धा कोणी मोजला नाही.

सिनेटने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेच्या वरिष्ठ सभागृहाने, ९ एप्रिलला ३७ विरुद्ध २ मतांनी करार मंजूर केला. ‘स्यूअर्डचा मूर्खपणा’, ‘बर्फाची पेटी’ अशी टिंगल झाली हे खरं, पण अनेक वर्तमानपत्रं व्यवहाराच्या बाजूचीच होती. टिंगल लक्षात राहते, पाठिंबा विसरला जातो.

औपचारिक ताबा १८ ऑक्टोबर १८६७ ला सिटकाला दिला गेला. तोफांची सलामी सुरू झाली, रशियन झेंडा उतरायला लागला आणि मध्येच दोरीत गुंडाळून अडकला. ओढला तर फाटायला लागला. शेवटी एका सैनिकाला दोरीच्या पाळण्यात बसवून वर चढवलं. त्याने सोडवून टाकलेला झेंडा खाली उभ्या असलेल्या रशियन सैनिकांच्या संगिनींवर येऊन पडला. गव्हर्नरच्या पत्नीला रडू आवरलं नाही, असं सांगतात.

त्या दिवसांत अलास्कात आणखी एक चमत्कार झाला. रशियन लोक जुनी दिनदर्शिका वापरत आणि तारीख मॉस्कोच्या बाजूने मोजत. अमेरिकेची दिनदर्शिका वेगळी आणि तारीख उलट बाजूने. त्यामुळे ६ ऑक्टोबरच्या शुक्रवारनंतर जो दिवस उजाडला तो १८ ऑक्टोबर, आणि तोही शुक्रवारच.

ते ९९ वर्षांच्या भाड्याचं काय?

ती अफवा आहे, आणि ती रशियातही गावभर आहे. करारात शब्द आहे तो ‘सुपूर्द’ करण्याचा, कायमच्या मालकीने. मुदत नाही, भाडं नाही, परतीची अट नाही. पैसेही पोचले: अमेरिकेच्या संसदेच्या कनिष्ठ सभागृहाने वर्षभर कुरकुर करून १८६८ च्या जुलैत रक्कम मंजूर केली आणि ऑगस्टमध्ये ७२ लाखांचा धनादेश श्टेकल यांच्या हाती पडला.

‘पण असा मुलूख विकता येतो का?’ ही शंका रास्त आहे. आज येत नाही असंच म्हणायला हवं, कारण लोकांना स्वतःचा निर्णय घ्यायचा हक्क आहे हे तत्त्व जगाने निदान कागदावर तरी मान्य केलंय. तेव्हा मात्र राजे मुलूख देत-घेत. आपल्या मुंबईचंच बघा. १६६१ च्या लग्नाच्या करारात पोर्तुगालने ती इंग्लंडच्या राजाला दिली आणि १६६८ मध्ये त्याने वर्षाला दहा पौंड भाड्याने कंपनीला देऊन टाकली. वरळीच्या, माहीमच्या कोळ्यांना कोणी विचारलं होतं?

घेतलं, पण कारभार कोणी बघायचा?

इथे एक शब्द समजून घेऊ: टेरिटरी. अमेरिकेच्या मालकीचा, पण राज्य नसलेला प्रदेश. आपल्याकडचा केंद्रशासित प्रदेश त्याच्या जवळपास जातो. गोवा डिसेंबर १९६१ मध्ये मुक्त झाला आणि ३० मे १९८७ ला राज्य झाला. मधली पंचवीस वर्षं तो केंद्रशासित होता. पण गोवेकर तेव्हाही लोकसभेत खासदार पाठवत होते. अमेरिकन टेरिटरीतल्या माणसाला राष्ट्राध्यक्षासाठी मत नाही, सिनेटर नाही, आणि संसदेत पाठवलेल्या प्रतिनिधीला बोलता येतं, पण मत देता येत नाही. लग्नाच्या पंगतीत बसायला मिळावं, पण पान वाढू नये, तसं.

अलास्काला सुरुवातीला तेवढंही नव्हतं. पहिली दहा वर्षं सैन्याकडे, मग काही काळ जकात खात्याकडे, मग नौदलाकडे. १८८४ पर्यंत नागरी कायदा नाही, न्यायालय नाही, जमिनीची रीतसर नोंद नाही. त्या वर्षी कायदा झाला तोही कसा? स्वतंत्र कायदे लिहायचा कंटाळा म्हणून ओरेगन राज्याचे कायदे जसेच्या तसे लावले. शेजारच्या घराची किल्ली आपल्या कुलपाला लागते का बघावी, तसा प्रकार.

दुर्लक्षाचं कारण साधं होतं. १८८० च्या शिरगणतीत अलास्कात ३३,४२६ माणसं मोजली गेली आणि त्यांत गोरे जेमतेम ४३०. वॉशिंग्टनच्या हिशेबात म्हणजे तिथे ‘कोणी’ राहतच नव्हतं.

मग सोनं आलं. १८९६ मध्ये क्लोंडाइकला सापडलं ते खरं तर कॅनडाच्या हद्दीत, पण तिकडे जायची वाट अलास्कातून. हजारो लोक चिलकूट खिंडीच्या बर्फात, पाठीवर वर्षभराचा शिधा घेऊन, एकामागे एक रांगेने चढले. १८९९ मध्ये तर नोमच्या समुद्रकिनाऱ्यावरच्या वाळूत सोनं मिळालं. आता गोरी माणसं आली, मग तक्रारी आल्या आणि तक्रारींमागून अधिकार आले. १९०६ मध्ये बिनमताचा प्रतिनिधी, १९१२ मध्ये विधिमंडळ. त्या विधिमंडळाने १९१३ मध्ये केलेला पहिलाच कायदा स्त्रियांना मताधिकार देणारा होता, देशभर तो मिळण्याच्या सात वर्षं आधी. गव्हर्नर मात्र राष्ट्राध्यक्षच नेमायचे.

राज्य व्हायची एवढी घाई कशाला?

झेंडा, अस्मिता हे सगळं होतंच, पण खरं दुखणं माशांचं होतं. अलास्काची संपत्ती म्हणजे सामन मासा. तो अंडी घालायला नदीत परततो. सिएटल आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या डबाबंद मासळीवाल्या कंपन्यांनी नदीच्या मुखाशी, त्याच्या वाटेवरच प्रचंड सापळे उभे केले. मासा आपणहून आत येणार, कंपनीने फक्त उपसायचा. छोट्या होडीवाल्यांच्या जाळ्यात काय उरणार? कोकणातल्या रापणवाल्यांना पर्ससीनवाल्यांबद्दल जे वाटतं, तेच इथल्या मच्छीमारांना वाटत होतं. पण मासेमारीचे नियम वॉशिंग्टनमध्ये ठरत, तिथे कंपन्यांची माणसं होती आणि मत देऊ शकेल असा अलास्काचा एकही खासदार नव्हता.

राज्याचं पहिलं विधेयक १९१६ मध्येच मांडलं गेलं होतं. चाळीस वर्षं ते का अडलं? लोकसंख्या कमी, खर्च झेपणार नाही, मुख्य भूमीला लागून नाही, ही बोलायची कारणं. दुसऱ्या महायुद्धाने ती बरीचशी निकालात काढली. १९४२ मध्ये जपानने अट्टू आणि किस्का ही बेटं ताब्यात घेतली, घाईघाईने कॅनडातून अलास्कापर्यंत महामार्ग बांधला गेला, सैनिक आले आणि बरेच तिथेच राहिले. १९४० मध्ये सुमारे ७२ हजार असलेली वस्ती १९५० मध्ये १ लाख २८ हजारांवर गेली.

न बोलायचं कारण वेगळंच होतं. प्रत्येक राज्याला, लहान असो वा मोठं, सिनेटमध्ये दोन जागा. अलास्का डेमोक्रॅट पाठवणार, आणि राज्य होण्याच्याच रांगेतली हवाई बेटं रिपब्लिकन पाठवणार, असा तेव्हाचा अंदाज, त्यामुळे एकाचा फायदा तो दुसऱ्याचा तोटा. दक्षिणेकडच्या सिनेटरांना आणखी धास्ती: नवे सिनेटर काळ्या लोकांच्या हक्कांच्या बाजूने मत देतील.

अलास्काच्या लोकांनी मग वाट बघणं सोडून दिलं. १९५५ च्या नोव्हेंबरात फेअरबँक्सजवळच्या विद्यापीठात ५५ प्रतिनिधी जमले आणि अस्तित्वात नसलेल्या राज्याची राज्यघटना लिहून मोकळे झाले. पुढे निवडणूक घेऊन दोन ‘सिनेटर’ आणि एक ‘खासदार’ निवडले आणि वॉशिंग्टनला पाठवून दिले. बसायला खुर्ची नाही, मत नाही, पण दार ठोठावत राहायचं. १७९६ मध्ये टेनेसीने हीच युक्ती केली होती.

१९५८ च्या मे महिन्यात कनिष्ठ सभागृहाने २१०–१६६ आणि ३० जूनला सिनेटने ६४–२० मतांनी विधेयक मंजूर केलं. बातमी कळल्यावर फेअरबँक्सच्या उत्साही मंडळींनी चेना नदीत सोनेरी रंग ओतला. नदी झाली हिरवी! ३ जानेवारी १९५९ ला अलास्का ४९वं राज्य झालं, आपल्या महाराष्ट्राच्या सोळा महिने आधी. सापळे राज्य होताच बंद झाले.

मग ५१वं राज्य होणं सोपं आहे का?

कागदावर फारच सोपं: अमेरिकन राज्यघटनेनुसार संसदेने साधा कायदा करायचा. घटनादुरुस्ती लागत नाही. प्रत्यक्षात मात्र सिनेटच्या त्या दोन जागांचा हिशेब आड येतो. पोर्टो रिकोची लोकसंख्या ३२ लाखांहून अधिक, म्हणजे अलास्काच्या चौपटीपेक्षा जास्त, आणि १८९८ पासून ते अमेरिकेकडे आहे. तरी ते अजून टेरिटरीच. कॅनडा आणि ग्रीनलँडची गोष्ट तर आणखी पुढची. तिथे विकायला झार बसलेला नाही, आणि तिथल्या लोकांनी नको म्हटलंय.

ज्यांची जमीन होती, त्यांचं काय झालं?

१८६७ च्या करारात रहिवाशांना अमेरिकन नागरिकत्व देण्याचं कलम होतं. त्यातून ‘असंस्कृत जमाती’ वगळल्या होत्या. त्यांच्यासाठी अमेरिका वाटेल तसे कायदे करील, असं लिहिलं होतं. विक्रीची बातमी आली तेव्हाच ट्लिंगिट लोकांनी विचारलं होतं की जमीन आमची, रशियनांना आम्ही राहू दिलं होतं, मग पैसे त्यांना कसे? १९४० च्या दशकातही दुकानांवर ‘मूळनिवासींना प्रवेश नाही’ अशा पाट्या होत्या. भेदभावविरोधी विधेयकावर चर्चा चालू असताना अलास्काच्या विधिमंडळातल्या एका सिनेटरने, पाच हजार वर्षांची संस्कृती असलेल्या आमच्याशी बरोबरी करू बघणारे, रानटीपणातून जेमतेम बाहेर आलेले हे कोण, असा सूर लावला. गॅलरीतून पुढे येऊन एलिझाबेथ पेराट्रोविच या ट्लिंगिट बाईंनी त्याचेच शब्द उचलले: आम्ही रानटी, मग एवढ्या सुसंस्कृत गृहस्थांना नागरिकांच्या हक्कांची आठवण मीच करून द्यावी लागते, याचं नवल वाटतं. १६ फेब्रुवारी १९४५ ला त्या कायद्यावर सही झाली.

जमिनीचा प्रश्न मात्र राज्य झाल्यावर उलट पेटला. नव्या राज्याला दहा कोटी एकरांहून जास्त जमीन निवडून घ्यायची मुभा मिळाली आणि ते निवडायला लागलं ती कोणाची शिकारीची रानं, कोणाच्या मासेमारीच्या जागा. दावे इतके दाखल झाले की १९६६ मध्ये केंद्राने सगळी जमीनवाटप गोठवली. १९६८ मध्ये उत्तर किनाऱ्यावर प्रूडो बे इथे प्रचंड तेल सापडलं. तेल दक्षिणेला आणायला पाइपलाइन हवी, पाइपलाइनला जमीन हवी, आणि जमिनीवर तर दावे. शंभर वर्षं ज्याला वेळ मिळाला नव्हता तो फेरफार आता तीन वर्षांत निघाला. १८ डिसेंबर १९७१ च्या कायद्याने मूळनिवासींना ४ कोटी ४० लाख एकर जमीन आणि ९६ कोटी २५ लाख डॉलर मिळाले. बदल्यात उरलेल्या जमिनीवरचा हक्क संपला. जमीनही जमातींच्या नावे नाही, तर नव्या कंपन्यांच्या नावे, आणि माणसं त्या कंपन्यांची भागधारक. १७९९ मध्ये कंपनी आली होती ती कातडी न्यायला. यावेळी स्वतःची जमीन सांभाळायची तर तिथल्या माणसांनाच कंपनी व्हावं लागलं. हा न्याय होता की सौदा, यावर तिथे अजून वाद होतात.

शेवटी अँगून या ट्लिंगिट गावाबद्दल. १८८२ मध्ये तिथला एक शामान, म्हणजे जमातीचा वैद्य-पुरोहित, एका कंपनीच्या व्हेलच्या शिकारीत बंदुकीच्या अपघातात मेला. रिवाजाप्रमाणे गावाने भरपाई मागितली: दोनशे कांबळी. उत्तरादाखल २६ ऑक्टोबरला अमेरिकन नौदलाने गावावर तोफा डागल्या. घरं, हिवाळ्याचा शिधा, होड्या, सगळं गेलं. समुद्रात गेलेली एक होडी तेवढी वाचली, आणि तिच्या भरवशावर गाव तगला. तिच्या पुढच्या टोकावरचं, बीव्हर या प्राण्याचं कोरलेलं लाकडी शिल्प पुढे गहाळ झालं. १९९९ साली गावातल्या वडीलधाऱ्यांना ते न्यूयॉर्कच्या एका संग्रहालयाच्या साठ्यात दिसलं आणि ते घरी आलं. नौदलाची माफी यायला त्यानंतरही पंचवीस वर्षं लागली. ती आली २६ ऑक्टोबर २०२४ ला, अँगूनमध्येच.